वाटीतला निशिगंध

रविवारी सकाळी डोंबिवलीची आमची सगळी चाळ टीव्हीसमोर बसलेली असायची, तेव्हा समोरच्या खोलीतले काका कल्याणच्या बाजारातून निशिगंध घेऊन यायचे. बादलीतल्या पाण्यात बुडवूनच ते दांडे तिरके कापायचे, खालची पानं काढायचे आणि पुटपुटायचे, "आता पितील नीट."

रोज पाणी बदलताना ते दांडे आणखी थोडे कापायचे. त्यामुळे फुलं उंच फुलदाणीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत उतरत यायची. अंथरुणाला खिळलेली माझी आई आमच्या दारातून ते बघत असायची. तिला वारांचं भान राहिलं नव्हतं. "पेल्यात आली, म्हणजे गुरुवार," ती अर्धवट झोपेत म्हणायची. वाटीत आली की मी तिला सांगायचो, "आज शनिवार." काकांच्या कानावर ते गेलं असावं, कारण फुलदाणी हळूहळू सरकत आमच्या दारासमोर आली.

आई गेली. तिच्या फोटोसाठी मी हार आणला, तेव्हा काका दारात उभे होते.

"हार नको रे," ते म्हणाले. "ओवलेल्या फुलांना पाणी पिता येत नाही."

फोटोपुढे त्यांनी वाटी ठेवली. तिच्यात आखूड दांड्यावर एकच कळी होती. संध्याकाळी ती उमलली, खोलीभर वास पसरला, आणि शनिवार झाल्याचं सांगायला मी सवयीने आईकडे वळलो.