लाडवांचा डबा घेऊन मागितलेली माफी

निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, तेवढ्यात एलिफ आली. विभावरीने कापूस तसाच ताटलीत ठेवला आणि फोन रेकॉर्डिंगला लावला.

एलिफ ही विभावरीच्या लेकीची, मैथिलीची मैत्रीण. जानेवारीत त्यांच्या वर्गातल्या एका मुलाला कुटुंबासकट जर्मनीबाहेर धाडायचं सरकारने ठरवलं, म्हणून या दोघींसकट शाळेतली पोरं मोर्चा घेऊन निघाली. पोलिसांनी त्यांना पुलाखाली घेरलं, हात मागे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळले आणि अंधार पडेपर्यंत थंडीत उभं केलं. पेपरात एवढंच आलं, की मोर्चा शांततेत पार पडला. तेव्हापासून विभावरी एकेका पोराला घरी बोलावून त्याच्या तोंडून ऐकून ठेवत होती. वाचनालयातल्या बाई ते जपणार होत्या.

"कात्री धरली की अजून अंगठा बधिर होतो," एलिफ म्हणाली. ती एका सलूनमध्ये केस कापायला शिकत होती. सलूनवालीने तिला केव्हाच घरी बसवलं होतं.

"आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचं?" विभावरीने विचारलं.

एलिफने दाराकडे पाहिलं. तिथे विभावरीचा नवरा, प्रताप, उभा होता. मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी तो बेसनाचे लाडू घेऊन पोलिसांकडे गेला होता. पोराने काही केलं की बापाने हात जोडायचे, ही आपली रीत. "पोरं अजाण आहेत, चुकली, पदरात घ्या," म्हणाला. लाडू त्यांनी परत केले, शब्द मात्र ठेवून घेतले. पोरांनी तक्रार केली तेव्हा उत्तर तयार होतं: चूक तर पालकांनीच कबूल केलीय.

एलिफ पाणी प्यायला आत गेली तसा प्रताप जवळ आला. "माझं तेवढं गाळ ना. इथल्या पासपोर्टचा अर्ज लटकलाय. आणि मी काय वाईट चिंतून गेलो होतो का गं?"

"नाही हो. लाडू मीच वळले होते."

"मग?"

"तुमचं गाळलं तर ती कबुली खरी ठरते आणि पोरं खोटी पडतात, अहो. रोज देवापुढे बसते मी."

आतल्या खोलीतून मैथिली जर्मनमध्ये ओरडली, "त्यालाच सांगू दे!" कित्येक महिन्यांनी ती बापाविषयी काही बोलली होती.

प्रताप फोनसमोर बसला. "आल्झो..." एवढा 'तर'साठीचा जर्मन शब्द म्हणाला. चष्मा काढून तो हमसाहमशी रडू लागला. विभावरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण फोन चालूच राहू दिला.

मग तिने कोट चढवला. एलिफला हाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.