फुफ्फुसावरचा टिक्का

राजारामपुरीतल्या त्या हॉस्पिटलात मी नवा होतो. छातीच्या आजारांचं मोठं शिक्षण घेऊन आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

तेव्हा कोडोलीचे एक गृहस्थ दाखल होते. गावात त्यांचं खता-औषधांचं दुकान. रक्ताचा कर्करोग झालेला, केमोनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, आणि ताप उतरेना. मी अँटिबायोटिक बदललं, मग पुन्हा बदललं. एक्स-रे साफ होता, त्यामुळे मी निर्धास्त.

एका सकाळी ते म्हणाले, "डॉक्टर, औषध लागू पडंना म्हंजे रोगच दुसरा असंल की. बुरशी तर न्हाय न्हवं?"

"काका, हे शेत नाही," मी हसलो.

"घरात बी ह्येच चालतंय," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "जेवताना सुदीक बुरशीच्याच गोष्टी."

सीटी स्कॅन सांगितला तो खरं तर त्यांची समजूत घालायला. उजव्या फुफ्फुसात एक गोल गाठ निघाली, भोवती धुरकट कडं. बुरशीची खूण, पुस्तकात असते अगदी तशी. फिल्म घेऊन मी गंभीर चेहऱ्यानं खोलीत गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती खिडकीकडं धरली.

"ह्यो बघा टिक्का. भुईमुगाच्या पानावर असाच येतोय. मधी डाग, भवतीनं कडं."

प्लेटलेट इतक्या कमी होत्या की तपासायला गाठीचा तुकडा काढणं धोक्याचं. म्हणून रक्तातली बुरशीची तपासणी पाठवली. पॉझिटिव्ह आली. औषध सुरू केलं, तर त्याचं नाव वाचून ते खूश झाले.

"ह्याचा चुलतभाऊ आमच्या दुकानात हाय. सोयाबीनवर तांबेऱ्याची बुरशी आली की त्येच मारत्यात."

मी बाहेर जाऊन मोबाईलवर पाहिलं. खरंच चुलतभाऊ निघाला.

पुढं पेशी वाढल्या, ताप उतरला, ते घरी गेले. शेणखत आणि कुजक्या पाल्यापासून लांब राहा, असं मी बजावलं. त्यांनी मान डोलावली, तज्ज्ञानं नवशिक्याला बरं वाटावं म्हणून डोलवावी तशी.

काही महिन्यांनी डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस मांडली. "वेळेत निदान" म्हणून कौतुक झालं. शंका कशी आली, असं एका ज्येष्ठांनी विचारलं.

"रुग्णाचं नीट ऐकलं की येते," मी म्हणालो. पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते वहीत लिहून घेतलं.

ते तपासणीला आले की त्यांना हे कौतुक सांगायचं, असं ठरवलं होतं. आले तेव्हा ओपीडीत फार गर्दी होती.