अप्पर हटमधला ताय केक

जॉन्सनव्हिलहून निघतानाच माझी चिडचिड सुरू झाली. न्यूझीलंडचा वारा असा, की छत्री उघडायची सोय नाही. त्यात वेलिंग्टनला गाडी बदलून थेट अप्पर हट. आणि कशासाठी, तर केकसाठी! आम्ही वाटेत डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) केळी घ्यायला गेलो, तर तीही हिरवीगार.

"आई, चिल!" लेक मुग्धा म्हणाली. "लिएनची आई उद्या व्हिएतनामला परत चाललीय, कायमची. तिच्या हातचा केक लिएनला शिकायचाय. तू असलीस की हेल्प होईल."

लिएन मुग्धाच्या ऑफिसातली, उत्तर व्हिएतनाममधल्या ताय समाजाची. तिची आई माझ्याच वयाची. त्यांना मराठी येईना, मला ताय.

लिएनच्या घरी पोचताच मुग्धा आत त्यांच्या बॅगा भरायला गेली; स्वयंपाकघरात आम्ही तिघीच उरलो. ओट्यावर काळी पडलेली केळी, चिकट तांदळाचं पीठ आणि केळीची मोजकीच पानं, तीही फ्रीजरमधली. लिएनच्या आईंनी केळी कुस्करून पिठात घातली आणि मळत बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गोळा कोरडाच.

"अहो, पण पीठ किती वाट्या?" मी मराठीतच ओरडले. त्या नुसत्या हसल्या.

त्यांची पाठ वळताच मी पेलाभर पाणी ओतलं.

लिएनच्या आईंनी परातीत बोटं घातली आणि थांबल्या. काहीतरी पुटपुटल्या.

"केळ्यालाच पाणी सुटतं, म्हणतेय," लिएननं हळूच इंग्रजीत सांगितलं. "फक्त थांबावं लागतं."

पानात बांधलेलं ते पातळ पीठ वाफेवर फुटून भांडंभर झालं. "नो वरीज," लिएन म्हणाली, पण तोंड सिंककडे वळवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिएनच्या आईंनी उरलेली तीन पानं पुसली, दोन केळी कुस्करली. मग माझे आणि लिएनचे हात परातीत ओढून त्यावर स्वतःचे ठेवले. आम्ही तिघी मळत राहिलो. हळूहळू गोळा मऊ, ओलसर झाला.

तीनच केक झाले. गोड, चिवट, पानाच्या वासाचे. एक लिएनच्या आईंनी माझ्या हातावर ठेवला.

परतीच्या गाडीत मुग्धानं विचारलं, "प्रमाण लिहून घेतलंस?"

"नाही."

"आई, अगं!"

मुग्धाला पुरणपोळी येत नाही म्हणून मी तिच्यावर किती वर्षं चिडत आले! पहिली पोळी फाटल्याबरोबर तिच्या हातातलं लाटणं मीच ओढून घेतलं होतं.