कुऱ्हाडीपायी टोपी तारण

धानोऱ्याकडच्या एका सरकारी कचेरीच्या फाटकावर डोमा चौकीदार आहे. सरकारचा नाही, एजन्सीचा. शिट्टी, काठी, टोपी आणि लांबून खाकी वाटावा असा गणवेश. गावातले लोक त्याला पोलीसच समजतात. बायको आशाबाई तेवढी विचारते, "काहो, तुमाले कोनाले पकडता येते का?"

डोमाला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं एका हवालदाराला विचारलं.

"डोयापुढं चोरी झाली त पकड, आन् लगेच आमच्या हवाली कर. तेवढं त कोनीबी करू शकते. जप्ती-बिप्ती तुयं काम नाई."

मग फाटकावर आपण नेमके कोण, हे कोडं डोमाच्या डोक्यात घोळत राहिलं.

अशात एक दिवस इसरू आला. जंगलातल्या गावचा म्हातारा, खांद्याला कुऱ्हाड अडकवलेली. इकडं माणूस घराबाहेर पडला की कुऱ्हाड खांद्यावर येतेच, त्यात भांडणाचं काही नसतं. पण कचेरीत हत्यार न्यायचं नाही.

"कुऱ्हाड इथी ठेवा जी भाऊ."

"ठेवतो. तू मले बदल्यात का देशीन?"

"का म्हनजे?"

"माही वस्तू तुयापाशी, त तुयी मायापाशी. नाई त कायले ठेवू?"

हिसकावता येत नाही, आणि तसंच आत सोडलं तर नोकरी जाते. डोमानं टोपी काढून दिली. इसरू ती डोक्यावर चढवून आत गेला.

नेमका तेव्हाच सुपरवायझर प्रवीण आला. त्याला चौकीदाराचा पूर्ण गणवेशातला फोटो एजन्सीला पाठवावा लागतो. गणवेश अपुरा दिसला, की माणूस बदलतात.

"टोपी कुठी, डोमाभाऊ?"

"अंदर हाय, साहेब. या कुऱ्हाडीपायी तारण ठेवली."

"अजी, जप्त कराची ना सीधी."

"जप्ती पोलीस करते. तुमी टोपी मागून पाहा."

प्रवीण आत गेला. लोक इसरूलाच विचारत होते, दाखला कोणत्या टेबलावर भेटते. इसरू बोट दाखवत होता, आणि लोक मुकाट्यानं तिकडं जात होते.

"टोपी द्या, बाबा."

"कुऱ्हाड आना."

"ते अंदर आनता येत नाई."

"मंग थांबा. माहा लंबर येऊन राह्यला."

म्हाताऱ्याच्या डोक्याला हात घालायचा हक्क सुपरवायझरलाही नव्हता. तो बाहेर येऊन पायरीवर बसला.

"मले काढता का, साहेब?"

"थांबा ना जी. येऊ द्या त्याले."

इसरू काम आटोपून आला. धारेवर अंगठा फिरवून कुऱ्हाड पाहिली, मगच टोपी उतरवली. प्रवीणनं फोटो काढला, पाठवला.

"आन् त्यानं टोपी देल्लीच नसती त का केलं असतं?"

"तुमी केलं तेच," डोमा म्हणाला. "बसलो असतो."

गाडीला किक मारता मारता प्रवीण म्हणाला, "उद्या अजून एक टोपी पाठवतो. डोक्यावरची देऊ नका."