पाटीखालचं नाव

प्रदर्शनं कशी मांडायची हे शिकायला मी बेंबळीहून पुण्याला गेले होते. वर्षअखेरीला प्रत्येकीनं एका कलाकाराचं काम भिंतीवर लावून दाखवायचं होतं. मी तुळजापूरच्या पेंटरकाकांच्या पाट्या निवडल्या. लॉज, खानावळी, प्रसादाची दुकानं, सगळ्यांच्या पत्र्याच्या पाट्या त्यांनी उभ्या आयुष्यात रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर लोकांनी त्या उतरवल्या. काकांनी मात्र भंगारात जाऊ न देता त्या घरी रचून ठेवल्या.

आमच्या बाईंना पाट्या आवडल्या. दोन पाट्यांत किती जागा सोडायची, उजेड कुठून पाडायचा, हे त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. मग खाली लावायची चिठ्ठी छापून आली. 'अज्ञात लोककलाकार, मराठवाडा.'

मी म्हटलं, अज्ञात कसे? मी त्यांच्या घरी जेवलेय. बाई म्हणाल्या, नाव घातलं की ती दुकानाची पाटी वाटते. अज्ञात म्हटलं की कला वाटते.

मी काकांना फोन लावला. चिठ्ठीवर काय छापलंय ते सांगितलं.

"खालच्या कोपऱ्यात बघ की," ते म्हणाले. "मालक नको म्हनायचे, तरी म्या सही केलीया."

सही होती, नखाएवढी. बाईंना दाखवली. तरी त्या ऐकेनात. मग मी सगळ्या पाट्या उतरवायला घेतल्या. सर्टिफिकेट मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं.

"राहू द्या तुमच्याकडंच," मी म्हणाले.

ते आजवर मिळालेलं नाही.

पाट्या टेम्पोत घालून बेंबळीला आणल्या. सरपंचांच्या मागं लागून सभागृह मिळवलं. फीत कापायला कोण येणार, असं त्यांनी विचारलं. कुणीच नाही, म्हटलं. बाईंनी शिकवलेलं अंतर राखून, तसाच उजेड पाडून पाट्या लावल्या आणि प्रत्येकीखाली काकांचं पूर्ण नाव लिहिलं.

काका सकाळच्या एसटीनं आले. हात मागं बांधून एकेका पाटीपुढं थांबत गेले. मला सगळ्यांत आवडलेल्या खानावळीच्या पाटीपाशी मान हलवली.

"ही काढ."

मी हुज्जत घातली. लोक याच पाटीपुढं जास्त थांबतील, म्हटलं.

"थांबू दे न्हायतर न थांबू दे. अक्षरं घाईत काढल्यात. खाली नाव माझं हाय."

मी स्टूल ओढलं आणि पाटी उतरवली.