आधी डाळ शिजू द्या

नामिबियाचं काम आम्हाला मिळालं ही बातमी सकाळी सातला आली आणि मी पहिला फोन देविदासभाऊंना लावला. नवरा शेजारच्या खोलीत होता, त्यालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. फोन कुसुमवहिनींनी उचलला. मी समोरचं काही ऐकायच्या आधीच सुरू झाले, की भाऊंना द्या, त्यांना म्हणावं बॅग भरा, आता आफ्रिका... मग वहिनी म्हणाल्या, "ताई, हे गेले. आत्ताच. चहा घेता घेता." माझ्या चेहऱ्यावर तेव्हा हसू होतं आणि ते उतरायलाही वेळ लागला. त्याची अजून लाज वाटते.

आमची सौरऊर्जेची कंपनी नांदगाव पेठेतली आणि भाऊंचा पाण्याच्या जारचा प्लांट भातकुलीजवळ. तो सगळा खारपाणपट्टा. बोअरचं खारं पाणी गाळून गोडं करायचं आणि गावोगाव पोचवायचं, हा त्यांचा धंदा. विजेच्या लपंडावाला कंटाळून ते पॅनल लावून घ्यायला आमच्याकडे आले. मी प्लांट बघायला गेले, तर यंत्रांशेजारी शेगडी, शेगडीवर पितळी गंज आणि गंजात तुरीची डाळ. मला वाटलं, कामगारांचं जेवण असेल. ते तर होतंच, पण आधी ती परीक्षा होती. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, तासभर उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा राहतो. भाऊ रोज सकाळी ताज्या गाळलेल्या पाण्यात डाळ टाकायचे आणि ती शिजून गळली तरच जार गाडीत चढायचे. खार मोजणारं मीटर असताना हे कशाला, आणि चव घेऊन कळत नाही का, असं मी माझ्या अमरावतीच्या वकिली घरातल्या शहाणपणानं विचारलं. "आमच्या जिभेचा काय भरवसा, ताई? खारंच पिऊन मोठे झालो. आमाले सारंच पाणी गोड लागते," ते म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा पार्ट्यांमध्ये गंमत म्हणून सांगितला.

मग आम्ही हायड्रोजनच्या नादी लागलो. उन्हापासून वीज करायची, त्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन वेगळा करायचा आणि तो इंधन म्हणून वापरायचा. धूर नाही, काजळी नाही. हे सगळं मी भाऊंना एका दमात सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, की जाळल्यावर मागे काय उरते? पाणी, मी म्हटलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला याहून मोठी गोष्ट दुसरी कोणती सांगणार! त्यानंतर भेटेल त्याला ते हायड्रोजन समजावून सांगायचे. परदेशातलं पहिलं काम ओमानच्या किनाऱ्यावर मिळालं आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या विभागावर मी भाऊंना नेमलं, तेव्हा आमचे इंजिनिअर एकमेकांकडे बघून हसले. भाऊंनी साठीच्या तोंडावर पासपोर्ट काढला, अकोल्याच्या दालमिलमधून तुरीची डाळ बांधून घेतली आणि तो गंज कपड्यांत गुंडाळून विमानात चढले.

प्लांट सुरू व्हायचा तो दिवस... मी मुळात उतावळी, त्या दिवशी तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. अकरा वाजता तिथली मोठी मंडळी यायची होती. यंत्र चाललं तर पुढची कामं आमची, नाही तर वऱ्हाडातल्या कंपनीनं कशाला मोठ्या उड्या मारल्या, असं म्हणायला सगळे मोकळे. नऊ वाजता भाऊ हातात गंज घेऊन नियंत्रण कक्षात आले. दीड तास झाला, डाळ शिजत नाही, म्हणाले. पडद्यावर पाणी एकदम शुद्ध दिसत होतं. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर खेकसले, की इथे आपल्याला वरण-भाताची पंगत बसवायची नाही. ते चिडले नाहीत. गंज माझ्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "मीटर कोनतं पाणी पाहून राहिलं, ते पाहा आधी. तोवर बटन दाबू नका. आधी डाळ शिजू द्या."

चिडून मी पाहायला गेले. मीटर चालू पाण्यावर नव्हतंच, आठवड्यापूर्वी भरलेल्या टाकीवर होतं. आणि ते तिथे बसवायला मीच सांगितलं होतं! जोडणीचा पाइप यायला उशीर होता, म्हणून तात्पुरतं. नंतर विसरले. इकडे चालू पाण्याच्या नळीतली एक रबरी चकती फाटून समुद्राचा खार आत झिरपत होता. बटण दाबलं असतं, तर त्या खारानं हायड्रोजनचं कोट्यवधींचं यंत्र थोड्याच दिवसांत नासलं असतं.

पाहुण्यांसमोर मी खरं ते सांगितलं. पाचावर धारण बसली होती. त्यांच्यातल्या वयस्क साहेबांनी गंजात वाकून पाहिलं, एक दाणा बोटांत दाबला आणि परवा येतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी, चकती बदलल्यावर, डाळ अशी गळली की पळीला दाणा लागेना. मी भाऊंना म्हटलं, बटण तुम्ही दाबा. ते फोडणीच्या तयारीत होते, त्यांना सवड नव्हती. मीच दाबलं. पडद्यावर हायड्रोजनचा पहिला आकडा हलला आणि आम्ही सगळे लहान पोरांसारखे नाचलो. मग त्या वाळवंटात, ओमानी साहेबांना मांडी घालून बसवून, भाऊंनी वरण-भात वाढला. आयुष्यात इतकी आनंदी मी क्वचितच झाले असेन.

भाऊंच्या तेरवीला मी गेले, तेव्हा त्यांच्या घरात दाटी होती. स्वयंपाक बाहेर मोठ्या भांड्यांत चालला होता, पण भाऊंचं पान वाढण्यासाठी वहिनींनी वरण त्या गंजातच लावलं होतं. पान मांडलं तरी वरण येईना. मी आत डोकावले. वहिनी गंजासमोर बसून होत्या. म्हणाल्या, "ताई, डाळ शिजून नाही राहिली." भाऊ गेले त्या दिवसापासून प्लांट बंद होता. घरात होतं ते बोअरचं पाणी.

मी किल्ली घेतली आणि घरामागच्या प्लांटच्या शेडमध्ये गेले. पॅनलवर धूळ बसली होती, ती पदरानं पुसली. बटण दाबलं. यंत्र आधी खाकरलं, मग सुरू झालं. पहिलं पाणी सोडून दिलं, नंतरचं कळशीत भरून आणलं. वहिनींनी गंज रिकामा केला आणि नवी डाळ टाकली. सगळे पाहुणे थांबले, कोणी घाई केली नाही. मीसुद्धा नाही. शेगडीजवळ बसून राहिले आणि डाळ गळायला लागली, तेव्हा हलक्या आवाजात त्यांना सांगितलं, "भाऊ, नामिबियाचं काम आपल्याला मिळालं."

गंज आता माझ्याकडे आहे. वहिनींनीच दिला. परवा मी त्याला कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला, आणि अकोल्याला डाळ सांगून ठेवली आहे.