आठही नट घट्ट होते

ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. बाजारतळावर दिव्यांचे चार लोखंडी मनोरे नुकतेच उभे राहिले होते. मंगळवारी दुपारी वावटळीत त्यांतला एक कोसळला आणि खाली टोमॅटो निवडत बसलेली बाई जागीच गेली.

मी पंचनामा केला. मनोरा ज्या बुटक्या काँक्रीटच्या खांबावर बसवला होता, त्यातून आठही फाउंडेशन बोल्ट उपटून आले होते. सगळं क्रमवार लिहायची माझी सवय. चार: आठही नट जागेवर, घट्ट. पाच: बोल्टांना काँक्रीटचे तुकडे चिकटलेले. पंचांच्या सह्या घेतल्या, वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर ठाण्यात आला आणि सांगू लागला. कामावरून काढलेला एक फिटर, म्हणजे सळया बांधणारा, सोमवारी संध्याकाळी त्या मनोऱ्यापाशी पाना घेऊन दिसला होता. बाजारतळावरच्या चहावाल्यानेही तेच सांगितलं. नट सैल करून सूड घेतला, असं धरून आम्ही फिटरला फलटणहून आणलं.

गुरुवारी सकाळी चौकशी सुरू झाली. हवालदार म्हणाला, "पाना काय पूजा करायला नेलतास व्हय रं?"

फिटर माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, नट ढिलं हुतं का?"

मी वही उघडली. चौथी नोंद माझ्याच अक्षरात होती.

मग तो बोलू लागला. खांबातल्या उभ्या सळयांना बांधलेल्या वरच्या रिंगा आड येत होत्या, त्यामुळे बोल्ट बसेनात. सुपरवायझर म्हणाला, कापून टाक. याने कापल्या. बोल्टावर ओढ आली की सळया आणि रिंगाच काँक्रीटला धरून ठेवतात. त्या नसल्या की काँक्रीट फुटतं आणि घट्ट बोल्टही बाहेर येतो, हे त्याला ठाऊक होतं. पुढे त्याने तसं बोलून दाखवलं आणि काम गेलं. जिवाला चैन पडेना, म्हणून निदान नट तरी आवळावेत या विचाराने तो आला होता.

"एकाच खांबाच्या कापल्यास?"

"न्हाई सायेब. चारीबी खांबांच्या."

गुरुवार बाजाराचा दिवस. त्या घटकेला उरलेल्या तीन मनोऱ्यांखाली निम्मा तालुका बसला होता. मी टोपी न घालताच जीपकडे पळालो. बाजार उठवताना एक म्हातारी वांग्यांपासून हलेना. "आवं सायेब, माल तुमी घेताय का मग?" हवालदाराने पाटीसकट तिला बाजूला नेलं.

मनोरे उतरवून इंजिनिअरने खांब फोडले. वरच्या रिंगा एकातही नव्हत्या. एका खांबाला तर बोल्टांभोवती तडा गेला होता. मंगळवारी त्याच खांबाला टेकून मी पंचनामा लिहिला होता.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा सुपरवायझरवर आणि फिटरवरही दाखल झाला. जबाबावर सही करताना फिटरने एकच विचारलं, बाई कुठल्या गावची.

पंचनाम्यात आपण दिसतं ते लिहितो. त्या बाईचा जीव, जे तिथे नव्हतं त्याने घेतला होता. निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक यादीखाली एक ओळ मोकळी ठेवत आलो. त्या ओळीच्या सुरुवातीला फक्त एवढंच लिहिलेलं असायचं: इथे काय असायला हवं होतं?